बारा नंबरची लाल ओळ

त्या ऑफिसात देवानं प्रत्येकाला काही ना काही देऊन ठेवलं होतं. शिल्पकाराला आवाज दिला होता, संचालकांना काचेची केबिन दिली होती आणि खोडीला संशय.

खोडी म्हणजे तिथली तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो का ते बघायचं आणि चालत नसेल तर तसं तोंडावर सांगायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. दिवसभर लोकांच्या खोड्या काढते म्हणून खोडी. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण हाक मारली की ती ओ द्यायची. शिल्पकारानं मात्र आपलं नाव आपणच ठेवलं होतं. कार्डावर ‘मुख्य प्रणाली शिल्पकार’ असं ठळक अक्षरात छापून घेतलं आणि ते कार्ड तो ऑफिसातल्या ऑफिसातही वाटायचा. चहाच्या यंत्राशेजारी रांगेत उभं असताना खोडीला त्यातली तीन मिळाली होती. एकाची घडी करून तिनं आपल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली होती. टेबल तेव्हापासून स्थिर होतं, हे मान्य करायलाच हवं.

या शिल्पकारानं एक दुभाषा घडवला होता. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. माहिती ठेवणारा डेटाबेस आपली एक भाषा बोलतो, प्रोग्रॅम लिहिणारे दुसरीच बोलतात. दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे करणारा जो थर असतो त्याला जाणकार ओआरएम म्हणतात. असे दुभाषे जगात तयार मिळतात, चांगले मिळतात आणि फुकट मिळतात. पण शिल्पकाराचं म्हणणं, “दुसऱ्याचं उष्टं आपण का खायचं?” म्हणून त्यानं दीड वर्ष खपून घरचा दुभाषा केला. त्याच्या भाषांतराच्या चुका शोधण्यासाठी मग खोडीला नेमलं. उष्टं न खाण्याची हौस अशी दोन माणसांचं जेवण खाते.

दुभाष्याला पहिलंच मोठं गिऱ्हाईक मिळालं ते श्रवण केंद्र. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तिथं कानाचं यंत्र मिळायचं. यंत्रं थोडी, कान फार, म्हणून नावं नोंदवून वाट बघायची. प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन रकाने, वर्ष आणि क्रमांक. नवं वर्ष लागलं की क्रमांक पुन्हा एकपासून. यंत्रांची खेप आली की मागच्या वेळी जिथं थांबलो त्याच्या पुढच्यांना बोलवायचं, एवढाच नियम. बावीस वर्षं हे काम खिडकीतल्या नोंदवाल्या बाई एका जाडजूड वहीतून करत आल्या होत्या. आता ते दुभाषा करणार होता. शुक्रवारी केंद्राच्या लोकांसमोर तो चालवून दाखवायचा, त्यांच्या कागदावर तपासनिसाची सही व्हायची आणि लगेच नव्या खेपेच्या पंच्याऐंशी यंत्रांची यादी काढायची, असं ठरलं होतं.

“चारशे तेरा चाचण्या,” सोमवारच्या बैठकीत शिल्पकार पडद्याकडे हात करून म्हणाला. “चारशे तेराच्या चारशे तेरा हिरव्या. एक तरी लाल दिसतेय का कुणाला?”

चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी ओळ येते, नापास झाली की लाल. पडदा एखाद्या कुरणासारखा दिसत होता. संचालक टाळ्या वाजवणार तेवढ्यात खोडीनं विचारलं, “सर, दोन रकान्यांची तुलना कशी तपासलीय?”

“कशी म्हणजे? बरोबर तपासलीय.”

“नमुन्याच्या नोंदी कुठल्या घेतल्यात?”

“एक-एक, दोन-दोन, तीन-तीन, चार-चार.” शिल्पकार हसला. “पहिलं वर्ष पहिला क्रमांक, दुसरं वर्ष दुसरा क्रमांक. अगदी स्वच्छ. माझ्या हातचा डेटा आहे, त्यात घाण नसते.”

सगळे हसले. खोडीही हसली, कारण तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. पण ते एक-एक, दोन-दोन तिच्या डोक्यात दातात अडकलेल्या धाग्यासारखं राहिलं.

आता यात अवघड काही नाही, सहा वर्षांच्या मुलालाही कळेल. मोठं वय कुणाचं हे बघताना आपण आधी वर्षं बघतो. एकजण नऊ वर्षं दोन महिन्यांचा आणि दुसरा आठ वर्षं अकरा महिन्यांचा असला, तर अकरा महिने दोनाहून जास्त म्हणून आठवाल्याला कुणी दादा म्हणत नाही. वर्षात फरक पडला की विषय मिटला. वर्ष सारखं असेल तरच महिन्यांकडे वळायचं. पण समजा एखाद्या शहाण्यानं नियम केला की मोठं ठरायला वर्षंही जास्त हवीत आणि महिनेही जास्त हवेत, तर? ज्याच्या नमुन्यात वर्ष आणि क्रमांक नेहमी हातात हात घालूनच चढतात, त्याला ही चूक जन्मभर दिसणार नाही. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन. दोन्ही नियम तेच उत्तर देतात. चारशे तेरा वेळा हिरवं.

बुधवारी दुपारी खोडी चारशे चौदावी चाचणी लिहायला बसली. आकडे तिनं मनानं घेतले नाहीत. तिच्या पर्समध्ये एक खरी चिठ्ठी होती, तीच तिनं काढून कीबोर्डला टेकवून ठेवली. चालू वर्ष, क्रमांक बारा.

चिठ्ठी तिच्या आत्याची. आत्या टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं बोर्डावर बसून फोन जोडत होती. कुणाचा आवाज कुठून येतोय, कोण खरं बोलतंय आणि कोण थाप मारतंय हे ती श्वासावरून ओळखायची. मग देवानं हळूहळू तिच्याच कानांचं बटण फिरवत बंद केलं. आता दोघी एका घरात राहायच्या. आत्या रेडिओ भिंती हादरतील इतका मोठा लावून त्यावर तळहात ठेवून बसायची, म्हणजे निदान कंप तरी कळे, आणि खोडी रोज ओरडून ओरडून घसा बसवून ऑफिसला यायची. नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी आत्या पहाटे पाचला खिडकीसमोर जाऊन बसली होती. तरी तिच्याआधी अकराजण हजर. “बारा!” घरी येऊन तिनं चिठ्ठी नाचवली होती. “माझ्या मागे सहाशे लागतील बघ!” लागलेही. सहाशेदहा.

मागच्या वेळी बोलावणी गेल्या वर्षाच्या तीनशेचाळीसपाशी थांबली होती. खोडीनं तोच मुक्काम चाचणीत घातला आणि विचारलं की गेल्या वर्षाच्या तीनशेचाळीसच्या पुढे चालू वर्षाचा बारा येतो का?

दुभाषा म्हणाला, नाही येत.

पडद्यावर त्या कुरणात एक लाल ओळ उठली.

खोडीनं पूर्ण यादी काढून पाहिली. गेल्या वर्षाचे उरलेले सत्याहत्तर सगळे गायब, कारण त्यांचं वर्ष मोठं नव्हतं. या वर्षाचे पहिले तीनशेचाळीस गायब, कारण त्यांचा क्रमांक मोठा नव्हता. दुभाष्याच्या मते पहिला हक्काचा माणूस या वर्षाचा तीनशेएक्केचाळीसावा. म्हणजे जो जितक्या लवकर येऊन थंडीत बसला तो तितका पक्का बाद. जो जेवून, झोप काढून, निवांत आला त्याच्या कानात यंत्र.

शिल्पकारानं ती ओळ पाहिली आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“तुझा डेटा चुकलाय.”

“डेटा खरा आहे, सर. ही चिठ्ठी.”

“चिठ्ठी! आता आपण चिठ्ठ्याचपाट्यांवरून चाचण्या लिहिणार?” त्यानं ती उचलून उजेडात धरली, जशी काही खोटी नोट असावी. “वर्ष मोठं आणि क्रमांक एवढासा? असं कसं असेल?”

“क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होतो.”

“कुणी सांगितलं?”

“केंद्राच्या नियमांच्या टिपणात तुम्हीच लिहिलंय. पान चौथं.”

शिल्पकारानं पान चौथं काढलं, वाचलं आणि ज्यानं ते लिहिलं त्याच्याकडे बघावं तसा थोडा वेळ हवेत बघत राहिला. मग चिठ्ठीवरचं नाव त्याच्या नजरेला पडलं. “हे आडनाव तुझंच ना?”

“आत्या आहे माझी.”

“अच्छा!” त्याचा सगळा चेहराच उजळला. बुडत्याला काडी मिळाली की दिसतो तसा. “म्हणजे हे घरचं दुखणं आहे होय! आणि मी इथं तुलनेचं तत्त्वज्ञान सांगत बसलोय.”

गुरुवारी त्यानं तिला खास चहाला नेलं. कपात चमचा ढवळत, आवाज जाईजुईसारखा करून म्हणाला, “हे बघ, मी काही दगड नाही. मलाही आई आहे. शुक्रवारच्या यादीत पंच्याऐंशी नावं जातात, त्यातलं शेवटचं काढतो आणि तुझ्या आत्याचं मी स्वतः हातानं घालतो. कुणाला कळणारसुद्धा नाही. तू तेवढी ती लाल ओळ काढून टाक. तुलनेचं आपण पुढच्या आवृत्तीत निवांत बघू.”

“आणि बाकीचे, सर?”

“बाकीचे कोण?”

“गेल्या वर्षीचे सत्याहत्तर. या वर्षीचे तीनशेएकोणचाळीस.”

“त्यांना कुणी पाहिलंय?” शिल्पकार मनापासून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच त्यांना पाहिलं नव्हतं, त्याच्या नमुन्यात ते कधी आलेच नव्हते. “शिवाय तुझी नोकरी कायम करायची फाईल संचालकांच्या टेबलावर आहे. शुक्रवारी सगळं हिरवं असलं म्हणजे त्यांचाही मूड हिरवा असतो.”

खोडी चहा तसाच ठेवून जागेवर आली. तिनं एक कोरा कागद घेतला. तपासनिसाला आधी बरोबर उत्तर स्वतःच्या हातानं काढून ठेवावं लागतं, नाहीतर प्रोग्रॅमचं चूक ठरवायचं कशाच्या जोरावर? यंत्रं पंच्याऐंशी. त्यातली पहिली सत्याहत्तर गेल्या वर्षीच्या माणसांना. उरली आठ. ती या वर्षाच्या एक ते आठला.

बारा कुठे?

तिनं पुन्हा मांडलं. बोटांवर मोजलं. सत्याहत्तर आणि आठ दर वेळी पंच्याऐंशीच भरत होते. बरोबर उत्तरात आत्या बसत नव्हती. चार जागांनी हुकत होती. पुढची खेप आठ-नऊ महिन्यांनी, तीही आली तर.

चुकीच्या दुभाष्यावर गप्प बसलं तर आत्याला उद्या कान मिळत होते, बरोबर दुभाष्याकडून मिळत नव्हते. आणि दुभाष्याला बरोबर करायला निघालेली तिची सख्खी भाची. एकदा तिनं कर्सर त्या लाल ओळीवर नेला. ओळ निवडली, ती निळी झाली. एक कळ दाबायची, बस्स. आज संध्याकाळपासून ओरडणं बंद. “आत्या, जेवायला ये,” असं साध्या आवाजात म्हणायचं. साध्या आवाजात शेवटचं काय बोललो होतो आपण तिच्याशी? ते काही केल्या तिला आठवेना.

खरं सांगायचं तर त्या क्षणी ती जिंकली असं म्हणवत नाही. तिनं फक्त कळ दाबली नाही आणि पर्स उचलून घरी गेली. पुष्कळ वेळा चांगुलपणा एवढाच असतो, आणि देव तेवढाही मोजून घेत असावा.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत नोंदवाल्या बाई आल्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, काखेत वही. संचालकांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी वहीवर ओल नको म्हणून दूर सरकवली. शिल्पकारानं चाळीस मिनिटं दुभाष्याचं गुणगान केलं. त्यात ‘भविष्य’ हा शब्द अकरा वेळा आला. बाई ऐकत होत्या. एरवी त्यांचं सगळं आयुष्य न ऐकू येणाऱ्यांत गेलेलं, त्यामुळे ऐकण्याची त्यांना सवय नसावी, कारण मधेच त्यांनी विचारलं, “यादी कधी दाखवणार?”

“आधी तेवढी सही होऊन जाऊ द्या.” शिल्पकारानं कागद खोडीपुढे सरकवला, पेन टोपण काढून वर ठेवलं.

खोडीनं टोपण घातलं. “एक चाचणी लाल आहे. ती काढून टाकायला मला काल सांगितलं. मी काढली नाही. माझी सही नाही होणार.”

संचालकांनी शिल्पकाराकडे पाहिलं, शिल्पकारानं छताकडे.

“बाई, तुमच्यापासून काय लपवायचं,” तो सावरून, दुःखी चेहऱ्यानं म्हणाला. “हिची आत्या तुमच्या यादीत आहे. आत्याचं नाव येत नाही म्हणून हिनं प्रोग्रॅमच चूक ठरवलाय. माया आंधळी असते हो.”

“आत्याचा नंबर?” नोंदवाल्या बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

“चालू वर्ष, बारा,” खोडी म्हणाली.

बाईंनी वही उघडली. पेन्सिलीच्या टोकानं एकेक ओळ खाली येत गेल्या. घाई नाही, काही नाही. पान उलटलं, पुन्हा मोजलं. “गेल्या सालचे सत्याहत्तर. या सालचे एक, दोन, तीन...” आठावर पेन्सिल थांबली. “पंच्याऐंशी झाले. बारा नाही बसत.”

“माहीत आहे,” खोडी म्हणाली.

“कधीपासून?”

“कालपासून.”

बाईंनी चष्म्यावरून आधी खोडीकडे आणि मग शिल्पकाराकडे पाहिलं. “मग साहेब, माया आंधळी कुठे आहे? ही तर आत्याच्या वाटेत उभी राहून भांडतेय. कशावरून भांडतेय ते बघू द्या मला. काढा तुमची यादी.”

यादी निघाली. पहिलाच क्रमांक तीनशेएक्केचाळीस.

“आणि हे वरचे तीनशेचाळीस?” बाईंनी विचारलं. “गेले का?”

“कुठे?”

“वर.”

“ही जरा आधुनिक क्रमवारी आहे,” शिल्पकार म्हणाला.

“आमच्याकडची माणसं जुनी आहेत हो,” बाई वही मिटत म्हणाल्या. “आधी आलेला आधी, एवढंच कळतं त्यांना. तेही हातवारे करून सांगावं लागतं.”

दुरुस्ती एका ओळीची होती. बारा मिनिटं लागली, त्यातली नऊ शिल्पकाराचा पासवर्ड आठवण्यात गेली. त्या दुरुस्तीला काय म्हणायचं यावर मात्र दीड तास चर्चा चालली. ‘चूक’ हा शब्द संचालकांना नको होता, ‘सुधारणा’ शिल्पकाराला कमीपणाचा वाटत होता. शेवटी ‘नवी सुविधा: प्रगत द्विस्तंभी तुलना’ असं ठरलं. चारशे चौदा चाचण्या हिरव्या झाल्या. शिल्पकारानं उभं राहून सगळ्यांचे आभार मानले आणि आपण मुद्दाम चौकटीबाहेरचा नमुना वापरून ही सुविधा सिद्ध केल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. खोडीची फाईल ‘संघभावना तपासून मग बघू’ असा शेरा मारून तीन महिने पुढे ढकलली गेली. तिनं सही केली आणि संध्याकाळच्या उजेडात घरी निघाली. पायऱ्या चढताना रेडिओचा आवाज दुसऱ्या मजल्यापासूनच येऊ लागला.

आत्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. आज यादी लागणार हे तिला ठाऊक होतं. केस विंचरलेले, अंगात बाहेर जायचा कपडा. खोडीनं रेडिओ बंद केला, तसा आत्यानं त्यावरचा हात काढला.

“लागली?”

खोडीनं होकाराची मान हलवली. ओरडायला घशात जीवच नव्हता. तिनं अशा वेळेसाठी ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं, ‘आठपर्यंत.’

आत्यानं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. “आठ! म्हणजे चार राहिले? चारच?” तिचा आवाज चढला. तो नेहमीच चढलेला असायचा, पण आता त्यात राग होता. “पहाटे पाचला बसले होते मी! पायाचे गोळे झाले होते! आणि तुझ्या ऑफिसात होतं ना हे? तुझ्या हातात होतं ना?”

खोडीला गप्प बसता आलं असतं. तिनं पाटी पुसली आणि सगळं लिहिलं. दुभाषा काय चुकत होता, किती माणसं गळत होती, चहाला नेऊन शिल्पकार काय म्हणाला. पाटी चार वेळा भरली, चार वेळा पुसली. शेवटी लिहिलं, ‘तुझं नाव घालत होते. मी नको म्हटलं.’

आत्यानं पाटी दूर सारली. मग उठली, बाहेरचा कपडा बदलायला आत गेली, तो न बदलताच परत आली.

“मला आधी विचारायचं होतंस.”

“काय म्हणाली असतीस?” खोडीनं ओठ मोठे हलवून विचारलं.

“काय म्हणणार? घाल म्हटलं असतं! एका पायावर!” आत्यानं टेबलावर हात आपटला. “सदतीस वर्षं लोकांचे फोन जोडले, माझा एक आधी जोडला तर काय आभाळ कोसळणार होतं?”

खोडीनं खडू उचलला आणि लिहिलं, ‘म्हणूनच नाही विचारलं.’

आत्यानं ते वाचलं. तिच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. रडणार की काय म्हणून खोडी पुढे सरकली, तर ती हसत होती. आधी दबून, मग खांदे उडवत, मग सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. “शहाणी! माझीच भाची, आणि मलाच ओळखून बसलीय! मेले, त्या शिल्पकारापेक्षा तूच डांबिस!” तिनं पाटी खेचून घेतली, खडू घेतला आणि मोठ्ठा एक चार काढला. त्याच्याभोवती गोल केला, पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, “पुढच्या खेपेला मी चौथी. आता त्या मेल्याला सांग, आधी आलेला आधी, असंच मोज म्हणावं. आणि वाढ आता, भूक लागलीय.”

शेजाऱ्यांनी आवाज कमी करा म्हणून भिंतीवर तीनदा ठोकलं. ते खोडीनं ऐकलं आणि आत्याला सांगितलं नाही.